सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला नृत्यवर्गात घालण्याचा उपयोग होतो का?

आपल्या 9 वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, ती वॉकर घेऊन चालते, आणि घराजवळच्या कलाकेंद्राने 'सर्वांसाठी नृत्य' असा वर्ग जाहीर केला असल्यामुळे तिला तेथे घालावे का, असे आपण विचारले आहे. घालावे. एवढ्यावर उत्तर संपवता आले असते. परंतु प्रश्नाच्या शेवटी आपण 'तिला पायांनी फारसे काही जमणार नाही, तरी चालेल का?' असे जे लिहिले आहे, ते वाक्य आमच्या घरात 40 वर्षे बोलले गेले आहे, आणि म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे.

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आहे, आणि अलीकडे स्नायू लवकर थकत असल्याने लांबच्या अंतरासाठी मी व्हीलचेअर वापरते. माझी थोरली बहीण कथक विशारद आहे. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तिचा रियाज चाले तेव्हा हातावर सोळा मात्रा मोजणे, तिच्या तुकड्यांची पढंत करणे, म्हणजे त्यांचे बोल तोंडाने म्हणणे, आणि तुटलेले घुंगरू पुन्हा दोरीत ओवणे ही कामे माझ्याकडे असत, त्यामुळे तिचे बोल तिच्याइतकेच मलाही पाठ होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र मला दरवर्षी पडदा ओढायला बसवत. एकदा मी ताईला म्हटले की मलाही शिकव. ती म्हणाली, "अगं, तत्काराशिवाय कथक कसले?" तत्कार म्हणजे पायांनी तालाचे बोल वाजवणे. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तिला ती साधी वस्तुस्थिती वाटत होती, आणि वाद घालायला तेव्हा माझ्याकडे काही नव्हते.

त्या काळात आमच्यासारख्या मुलींना सगळे जण सुधा चंद्रन यांचे उदाहरण देत. 1981 च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला आणि जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा भरतनाट्यम् करू लागल्या, याबद्दल मला आदरच आहे. पण ते उदाहरण नाचता येणाऱ्या स्त्रीने पाय परत मिळवल्याचे आहे, आणि मला तर पाय मध्ये न आणता नाचायचे होते. ज्यांच्याकडे शिकवण्याची तयारी नसते ते असे उदाहरण देऊन मोकळे होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

2022 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, आमच्या भागातील एका कलाकेंद्रात मी अशाच वर्गात नाव घातले. आम्ही अकरा जण होतो. दोघी व्हीलचेअरवर, एक मुलगा कर्णबधिर, दोघांना डाऊन सिंड्रोम, बाकीचे ज्यांना लोक 'नॉर्मल' म्हणतात तसे. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली: खुर्ची फिरवायची तर दोन्ही हात चाकांवर लागतात, मग हस्तक, म्हणजे नृत्यातल्या हातांच्या हालचाली, कोणी करायच्या? त्यांनी आठवडाभर विचार केला आणि तीनतालाचे आवर्तन मधोमध तोडले. पहिल्या आठ मात्रांत खुर्चीची चाल, पुढच्या आठ मात्रांत चाके सोडून केवळ हात आणि नजर. चक्करसाठी एक चाक पुढे ढकलायचे आणि त्याच क्षणी दुसरे मागे ओढायचे; तीन चक्कर घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, थांबायचे तर ब्रेक लावायला वेळ नसतो, तळहातांनीच चाक रोखावे लागते. पहिले दोन महिने माझ्या दोन्ही तळहातांची कातडी सोललेली असे, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. कर्णबधिर मुलगा लाकडी फळीवर अनवाणी उभा राही. तबल्याचा बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, त्या फळीवर ठेवला की त्याला ठेका तळपायांतून कळत असे, आणि लय धरण्यात तो आम्हा सर्वांत पक्का होता.

वर्षअखेरीस कार्यक्रम ठरला. सभागृहाला रस्त्यापासून प्रेक्षकांच्या खुर्च्यांपर्यंत सुरेख रॅम्प होता, परंतु रंगमंचावर जायला सात पायऱ्या होत्या. आमच्यासारख्यांनी नाच पाहायला यावे, एवढाच विचार ते बांधताना झालेला असतो. रंगमंच साडेतीन फूट उंच होता. एक फूट चढायला बारा फूट लांबी, या नेहमीच्या प्रमाणाने 42 फुटांचा रॅम्प लागला असता. संयोजकांनी आठ फुटांची प्लायची फळी आणून ठेवली. ती पाहून आम्ही नकार दिला, तेव्हा चार स्वयंसेवक आम्हाला खुर्चीसकट उचलून वर नेतील असे ठरवण्यात आले, आणि निवेदकाने त्या वेळी म्हणायच्या चार ओळीही लिहून आणल्या होत्या. मिरवणुकीतल्या गणपतीसारखे वर चढायचे, लोकांनी नाच सुरू होण्याआधीच टाळ्या वाजवायच्या, हे मला मान्य नव्हते. बरीच वादावादी झाली. शेवटी रंगमंच रिकामा ठेवून आम्ही सर्व अकरा जण खाली, पहिल्या रांगेपुढच्या मोकळ्या जागेत नाचलो.

ताई तिसऱ्या रांगेत बसली होती. कार्यक्रमानंतर लोक डोळे पुसत येऊन भेटत होते, ती आली आणि म्हणाली, "शेवटच्या तिहाईला तुझी सम चुकली." तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा करून समेवर येणे. तिने ते आजवर दहा वेळा तरी ऐकवले आहे, आणि हे उत्तर ती वाचणार असल्यामुळे येथे नोंदवून ठेवते, की त्या जागेला रंगमंचाकडे उतार होता, थांबवलेली खुर्ची अर्धा वीत पुढे घरंगळली, आणि सम माझ्या हातून सुटली ती त्यामुळे. तरीही त्या संध्याकाळी माझ्या नाचाकडे नाच म्हणून पाहणारी ती एकटीच होती, हे मला मान्य करावे लागेल.

तत्काराचा मुद्दा मात्र तिने अजून सोडलेला नाही. तिच्याच लखनौ घराण्यातले शंभू महाराज एका जागी बसून भाव दाखवण्यासाठी नावाजलेले होते, हे तिला माझ्याआधी ठाऊक होते. आपल्याकडची बैठकीची लावणी तर नावातच बैठक घेऊन येते. एकच ओळ डोळ्यांनी, बोटांनी, मानेच्या झटक्याने दहा तऱ्हांनी उलगडणाऱ्या वाईच्या यमुनाबाई वाईकरांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. ताई म्हणते, ते गाणे आहे, नाच नाही. मग अदा कशात मोडते, याचे उत्तर ती देत नाही. सेलेस्ट डँडेकर या इंग्लंडच्या नर्तिकेला 1973 मध्ये रंगमंचावरच अपघात झाला आणि त्या व्हीलचेअरवर आल्या. पुढे 1991 मध्ये त्यांनी अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासह कॅन्डोको ही नृत्यसंस्था काढली, जिच्यात अपंग आणि अपंगत्व नसलेले नर्तक एकत्र नाचतात. तेथे त्या शरीरांना नाच शिकवण्यापेक्षा त्या शरीरांतून नाच रचला गेला. आपल्या 2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातील कलम 29 मध्येही कलाविषयांचे अभ्यासक्रम नव्याने आखण्याची तरतूद आहे. म्हणजे मुलीला अभ्यासक्रमात बसवण्याचा अट्टहास कायद्यालाही अपेक्षित नाही.

आपण उपयोगाचे विचारले होते. नृत्यवर्गाला फिजिओथेरपी समजू नये. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे 2001 पासून नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिस यांच्या संस्थेचे नर्तक पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी वर्ग घेत आले आहेत, पुण्यात ऋषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सदस्यांना नृत्य शिकवले आहे. दोन्हीकडे शिकवणारे नर्तक आहेत आणि येणारा माणूस तेथे नाच शिकायला येतो. केंद्रात गेल्यावर शिकवणाऱ्यांना एवढेच विचारावे की वॉकर धरलेल्या हातांचे तुम्ही काय करणार आहात. त्यांनी विचार करून दिलेले उत्तर चुकीचे असले तरी चालेल. 'आम्ही तिला सांभाळून घेऊ' असे म्हणाले तर दुसरा वर्ग पाहावा. रंगमंचावर जाण्याची वाट स्वतः पाहून यावी. दिव्यांग मुलांचा वेगळा नाच शेवटी ठेवतात का, हेही विचारावे.

हे आधीच सांगायला हवे होते, की माझा अनुभव पोलिओचा आहे. पोलिओत स्नायू लुळे पडतात. सेरेब्रल पाल्सीत स्नायूंना मेंदूकडून मिळणारी आज्ञाच बिघडलेली असते, त्यामुळे ते बहुधा ताठरतात, आणि अचानक मोठा आवाज झाला तर मूल दचकून आणखी आखडते. म्हणून स्पीकरजवळची जागा टाळावी. या मुलांमध्ये खुब्याचा सांधा सरकण्याची शक्यता असते, तेव्हा मांड्या फाकवण्याच्या हालचालींविषयी तिच्या फिजिओथेरपिस्टना आधी विचारावे, आणि पायाला स्प्लिंट असेल तर नाचासाठी तो कोणाच्या सांगण्यावरून काढू नये. तिला फिट येत असतील तर कार्यक्रमातल्या लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आणि वर्ग सुरू असताना वॉकर भिंतीशी नेऊन ठेवण्याची अनेक ठिकाणी पद्धत असते. तो तिच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावरच राहील, असे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.