सरकारी कार्यालयात मदतनिधी गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. लोकांवर दबाव न आणता प्रतिसाद कसा मिळवावा?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कार्यालयात दीडशेच्या आसपास माणसं, यंदाच्या मदतनिधीचं काम वरिष्ठांनी तुमच्या गळ्यात घातलंय, ‘सगळ्यांचा सहभाग दिसला पाहिजे’ अशी तोंडी सूचना आहे, आणि लोक वर्गण्यांना आधीच विटलेत.

हे काम मी सात वर्षं केलं. पहिल्या वर्षी ते पार चुकीच्या पद्धतीनं केलं, पण शिकलो बहुतेक त्याच वर्षी, म्हणून तिथूनच सांगतो.

मी एक वही फिरवली. नाव, रक्कम, सही असे रकाने. पहिल्या ओळीत साहेबांची रक्कम. वही सगळ्या शाखांतून फिरून परत आली तेव्हा मी भलताच खूश झालो, कारण सही नाही असा एकही माणूस नव्हता. रात्री घरी बेरीज तपासायला बसलो आणि आकड्यांकडे नीट लक्ष गेलं. हुद्दा एक पायरी खाली आला की रक्कमही एक पायरी खाली. एका हुद्द्यावरच्या सगळ्यांची रक्कम तीच. कुणी किती द्यायचं याचा विचार कुणीच केला नव्हता. प्रत्येकानं वरची ओळ बघून आपली ओळ भरली होती. मी लेखा शाखेतला, त्यामुळे त्यातल्या एकाच्या हातात कर्जाचे हप्ते वजा जाऊन काय पडतं हे मला तोंडपाठ होतं. त्यानंही शेजाऱ्याइतकीच रक्कम लिहिली होती. ती वही त्याच्यापुढे मीच धरली होती.

दुसऱ्या वर्षी बंद पाकिटं ठेवली. देणारे एक तृतीयांशावर आले आणि रक्कम जवळपास निम्मी झाली. मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण त्या एक तृतीयांशातले बहुतेक जण पुढची पाच वर्षं टिकले, काहींनी न सांगता रक्कम वाढवली. वहीतल्या लोकांच्या बाबतीत मला तसं काही सांगता येत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की आधी ‘नाही’ म्हणणं सोपं करा, आणि कुणी ‘नाही’ म्हटलं हे कुणालाही कळणार नाही अशी व्यवस्था करा. बाकीच्या युक्त्या त्यानंतर.

यात माझं स्वतःचं शहाणपण फारसं नाही. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘कम्बाइन्ड फेडरल कॅम्पेन’ नावाची मोहीम चालते. त्याआधी तिथल्या कार्यालयांत वर्षभर एकामागून एक संस्थांच्या वर्गण्या चालायच्या, माणशी किती द्यायचे हेही ठरवून दिलं जायचं, आणि लोक वैतागले होते. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी आदेश काढून हा सगळा कारभार एका यंत्रणेखाली आणला. मग वेगवेगळ्या वर्गण्या मिळून वर्षातून एकदाच विचारायचं आणि पगारातून कपातीची सोय द्यायची, ही पद्धत हळूहळू सगळीकडे लागू झाली. मला त्यांची नियमावली फार उपयोगी पडली, विशेषतः त्यातली मनाईची यादी. वरिष्ठानं आपल्या हाताखालच्या माणसाकडे देणगी मागायची नाही. ‘तू दिलेस का?’ असं विचारायचंही नाही. १०० टक्के सहभागाचं उद्दिष्ट ठेवायचं नाही. माणशी रक्कम ठरवायची नाही. न देणाऱ्यांची यादी करायची नाही. मोहिमेत किती जमले हे अधिकाऱ्याच्या कामाच्या मूल्यमापनात धरायचं नाही. विभागप्रमुखानं मोहिमेला जाहीर पाठिंबा द्यायला मात्र हरकत नाही. ही यादी वाचताना यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या कार्यालयात खरोखर घडली असणार हे कळतं. सहापैकी चार मी स्वतः केल्या होत्या.

दुसरं उदाहरण केरळचं. २०१८ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार द्यायचं आवाहन केलं, हप्त्यांची सवलतही होती. ज्याला द्यायचा नाही त्यानं तसं लेखी कळवायचं, अशी अट त्यात होती. प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयानं ती अट रोखली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्या आदेशात हात घातला नाही. पूर खरा होता, गरज खरी होती, बहुतेकांना द्यायचंही होतं. अडचण झाली ती नकार लिहून देण्याच्या सक्तीची. तेव्हा ‘आठ दिवसांत हरकत न आल्यास संमती गृहीत धरली जाईल’ असं वाक्य परिपत्रकाच्या मसुद्यात कुणी घालायला सांगितलं, तर तिथेच थांबवा. जो देणार आहे तोच सही करेल, न देणाऱ्याला काहीच लिहून द्यावं लागणार नाही.

आता पाकिटांचं. नुसती पेटी ठेवून भागत नाही, कारण पेटीकडे कोण गेलं हे सगळे बघतात. आम्ही प्रत्येकाच्या टेबलावर संमतीपत्र आणि पाकीट ठेवायचो आणि सगळ्यांनी पाकीट परत टाकायचं, भरलेलं असो वा कोरं. आत काय आहे हे मी आणि पगारबिल करणारा सहकारी, अशा दोघांनाच कळायचं. शाखानिहाय आकडे फलकावर लावू नका. पाच जणांच्या शाखेचा आकडा लावला की कुणी दिलं नाही हे चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळतं.

मोहीम सुरू करण्याआधी लेखी परवानगी घ्या. साहेबांनी तोंडी सांगितलंय यावर जाऊ नका. सरकारी नोकरानं निधी गोळा करण्यावर वर्तणूक नियमांत बंधनं असतात. भारतात केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या नियमांतला १२ वा नियम पूर्वमंजुरीशिवाय निधीसंकलनात भाग घ्यायला मनाई करतो. आदेश कागदावर असला की उद्या कुणी तक्रार केली तर तुम्ही एकटे पडत नाही. आणि निधी फक्त कर्मचाऱ्यांकडून घ्या. कंत्राटदार, परवान्यासाठी आलेला अर्जदार, पुरवठादार यांनी आपणहून पैसे पुढे केले तरी नको. ज्याची फाइल तुमच्या टेबलावर आहे त्याच्या देणगीला देणगी कोण म्हणेल?

संस्था निवडताना हीच कसोटी लावा. ज्या संस्थेला तुमचं कार्यालय अनुदान देतं किंवा जिची तपासणी करतं, ती यादीतून बाहेर. नावं कर्मचाऱ्यांकडूनच मागवा, नोंदणी आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब तपासा, आणि शेवटी चार-पाच पर्याय ठेवा. पक्ष, पंथ, मोर्चे यांच्याशी जोडलेल्या संस्थांवरून वाद होणारच. अमेरिकेत तर असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये, मोहिमेत कुणाला घ्यायचं यावर सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, असा निकाल लागला. तुमचे निकष आधी लिहून जाहीर केलेले असले तर निम्मी भांडणं वाचतात. एकच संस्था, आणि तीही साहेबांच्या ओळखीची, असं झालं तर मोहीम पहिल्याच दिवशी बसते. (आमच्याकडे एकदा बसली. तपशील सांगत नाही.)

विचारायचं कुणी? प्रत्येक शाखेतला एक जण, स्वखुशीनं आलेला, आणि शक्यतो कुणाचाही वरिष्ठ नसलेला. सर्वांत नव्या माणसाला हे काम देण्याची पद्धत आहे, कारण तो नाही म्हणू शकत नाही. तसं करू नका. एकदा माहिती द्यायची, मुदतीआधी सगळ्यांना मिळून एक आठवण, बस. नाव घेऊन आठवण करणं म्हणजे पुन्हा वहीच फिरवणं. भाषणांनी फार फरक पडत नाही. संस्थेतल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं बोलवा, ते पुरतं. ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांच्यासाठी श्रमदानाचा रकाना ठेवा. अमेरिकेच्या त्या मोहिमेतही २०१७ पासून पैशांऐवजी तास देता येतात. आमच्याकडे या रकान्यानं कर्जाच्या हप्त्यांतली माणसं परत आली, आणि तीही ताठ मानेनं.

मिळालेल्या पैशांचं काय झालं याचं एक पान सहा महिन्यांनी सगळ्यांना पाठवा, न देणाऱ्यांनाही. पुढच्या वर्षी प्रतिसाद वाढला तर तो बहुधा या पानामुळे वाढेल.

साहेब न देणाऱ्यांची नावं मागतील. त्यांना सांगा, ‘अशी यादी नाही.’ आणि ती खरोखर नसू द्या, संगणकावर सुद्धा.

राहिली पगारकपात. दरमहा थोडी थोडी रक्कम लोकांना एकरकमीपेक्षा सोपी जाते, पण संमतीपत्रावर संस्थेचं नाव, रक्कम, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत आणि केव्हाही थांबवता येईल हे स्पष्ट लिहिलेलं हवं. बदली झालेल्यांची कपात नव्या कार्यालयात आपोआप सुरू होत नाही, त्यांना तसं कळवा. करसवलतीची पावती ज्याच्या त्याच्या नावानं मागवा. कराची कपात जास्त होते तो महिना टाळा. आणि पगारबिल कोणत्या तारखेला बंद होतं ते आजच विचारून ठेवा. दुसऱ्या वर्षी माझी अकरा संमतीपत्रं एका दिवसानं हुकली, आणि त्या अकरा जणांकडे मला पुन्हा जावं लागलं.