बारावीच्या वसंत सत्रातील लोकसेवा इंटर्नशिप

प्रश्न : आम्ही मेरीलँडमधील रॉकव्हिल येथे राहतो. माझे पती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. मी व मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असून वसंत सत्रात तिला काउंटीच्या किंवा लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात इंटर्नशिप करायची आहे. शाळेचे सक्तीचे समाजसेवेचे तास तिने पूर्ण केले आहेत आणि पुढे तिला अभियांत्रिकीला जायचे आहे, त्यामुळे हा वेळ वाया जाईल असे तिच्या वडिलांना वाटते. व्हिसाची काही अडचण येईल का, हीदेखील शंका आहे.

उत्तर : आधी व्हिसाविषयी. एच-४ वर असलेल्यांना २०१५ पासून जो नोकरीचा परवाना मिळू लागला, तो काही पती-पत्नींपुरता आहे. मुलांना तो मिळत नाही. म्हणून वेतन किंवा स्टायपेंड देणारी जागा तिने स्वीकारू नये. काम बिनपगारी असले म्हणजे ते आपोआप चालते असेही नाही, कारण एरवी पगारी माणसाकडून करून घेतले जाणारे काम फुकट केले तरी ते नोकरीत मोजले जाण्याचा धोका राहतो. कामाचे स्वरूप कार्यालयाकडून लेखी घ्या आणि ते एकदा वकिलांना दाखवा.

आता वडिलांच्या आक्षेपाकडे वळते. हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी समाजसेवा सक्तीची करणारे मेरीलँड हे अमेरिकेतील पहिले राज्य. तेथे ७५ तास भरावे लागतात. ते भरून झाल्यावरही मुलीला हे काम हवे आहे, आणि बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज जानेवारीपर्यंत जात असल्यामुळे या इंटर्नशिपचा प्रवेशासाठी फारसा उपयोगही नाही. तिची इच्छा मनापासूनची आहे, असे मला यावरूनच वाटते.

शिवाय तिने निवडलेला काळ फार चांगला आहे. तुमच्या माँटगोमेरी काउंटीचे अंदाजपत्रक मार्चच्या मध्यापर्यंत मांडले जाते, एप्रिलमध्ये त्यावर जनसुनावण्या होतात आणि मेअखेरीस काउंटी कौन्सिल ते मंजूर करते. काउंटीच्या ‘राइड ऑन’ बसची फेरी वाढवायची की पावसाच्या पाण्याचा निचरा आधी सुधारायचा, हे आकड्यांइतकेच माणसांच्या गाऱ्हाण्यांवरही ठरते. उद्या अभियंता होणाऱ्या मुलीने हे सतराव्या वर्षी पाहिले तर तिचा वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही. काँग्रेस सदस्याच्या स्थानिक कार्यालयात याहून वेगळे काम असते : अडकलेले पासपोर्ट, माजी सैनिकांचे लाभ, रखडलेले स्थलांतराचे अर्ज. एकविसाव्या वर्षी आपला एच-४ दर्जा संपणार हे ठाऊक असलेल्या मुलीला अशा अर्जामागची घालमेल कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

होकार देण्यापूर्वी तिने दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : रोज कोणाच्या हाताखाली काम करायचे, आणि सभांना बसू देणार का. नुसत्या फायली लावायच्या असतील तर दुसरे कार्यालय शोधावे. एप्रिलमधील जनसुनावण्या सर्वांना खुल्या असतात. त्यांतील एकीला तिच्या वडिलांनीही तिच्यासोबत जाऊन बसावे, अशी माझी विनंती आहे.