पत्र बंद, पाकीट उघडे

प्रश्न : माझे संदेश एन्क्रिप्टेड असतात, मग सरकारी पाळतीची चिंता मी का करावी?

उत्तर : एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे संदेश फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल अशा सांकेतिक रूपामुळे, मजकूर सुरक्षित राहतो हे खरे, परंतु कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळा संपर्क साधला याची नोंद, म्हणजेच मेटाडेटा, बहुधा उघडाच राहतो. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून, अमेरिकेची एनएसए (राष्ट्रीय सुरक्षा संस्था) ही गुप्तचर संस्था कोट्यवधी फोन कॉलच्या अशाच नोंदी गोळा करत असल्याचे जगाला कळले. कर्करोगतज्ज्ञाला आणि पाठोपाठ वकिलाला केलेला फोन, संभाषण न ऐकताही पुरेसा बोलका असतो. म्हणून, ज्या ॲपना गरज नाही त्यांची लोकेशन परवानगी, म्हणजे तुम्ही कुठे आहात हे पाहण्याची मुभा, काढून घ्या. आणि क्लाउडवरील चॅट बॅकअपही एन्क्रिप्ट करा, कारण नेमका तोच बहुतेकांकडून विसरला जातो.