सहावी गाय आत्ता नको, आधी रक्त तपासा

सांवेरजवळच्या एका ताईंनी विचारलंय: पाच संकरित गाई आहेत, त्यातल्या दोन गेल्या वर्षी सातव्या महिन्यात गाभडल्या आणि तेव्हापासून भाकडच आहेत. इंदूरच्या बँकेतले ८० हजार मोडून सहावी गाय घ्यावी का?

ताई, आत्ता घेऊ नका.

पोटाला मार बसूनही एखादी गाय गाभडते. पण एकाच गोठ्यात वर्षात दोन, त्याही पाचवा महिना उलटल्यावर, म्हणजे ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाई गाभडवणाऱ्या संसर्गजन्य आजाराची, शंका घ्यायलाच हवी. तो असेल तर त्याच दावणीला बांधलेल्या नव्या गाईलाही लागण होऊ शकते. भाकड गाईचा चारा-पेंड दिवसाला १५० रुपये धरला तरी वर्षाचे जवळपास ५५ हजार होतात. दोघींचे मिळून १ लाख १० हजार. तुमची सगळी शिल्लक घातली तरी हे भोक बुजत नाही.

पत्रातलं एक वाक्य मात्र हिशेबापेक्षा जास्त टोचलं: ‘वार अडकली होती, मीच हात घालून काढली.’ वार म्हणजे गर्भासोबत बाहेर पडणारी झिल्ली. हा आजार माणसालाही होतो. ताप येऊन-जाऊन राहत असेल, सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना गाय गाभडल्याचं आवर्जून सांगा. यापुढे हातमोज्यांशिवाय हात लावू नका, आणि घरात दूध उकळल्याशिवाय कुणालाच देऊ नका, नातवंडांना तर मुळीच नाही.

पाचही गाईंचं रक्त तपासून घ्या. सरकारी पशुदवाखान्यात जा किंवा जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन करा. महूचं पशुवैद्यकीय कॉलेजही तुम्हाला फार लांब नाही. आजार निघाला, तर ती गाय बाजारात विकून मोकळं होऊ नका, तो दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. तिला वेगळी बांधा. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची लस एकदाच देतात, सरकारी मोहिमेत ती फुकट आहे. लाळ-खुरकुताची लसही फुकटच, पण ती दर सहा महिन्यांनी.

तपासणी, हातमोजे, औषधं यांना १० हजार बाजूला काढा. दुभत्या गाईंचा विमा उतरवा. कानातला बिल्ला पडला तर लगेच दुसरा मारून विमा कंपनीला कळवा, बिल्ल्याशिवाय दावा अडतो. पेंडीसाठी एफडी मोडू नका. पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड अशाच खर्चाला असतं, वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं.

रिपोर्ट चांगला आला, तर गाय जरूर घ्या. फक्त विकणाऱ्याकडून तिचं रक्त तपासल्याचा कागद हातात आल्यावरच पैसे मोजा.