कोठडीत घेतलेल्या सहीला काय किंमत?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ हार्डवेअरच्या गोदामात कामाला आहे. तांब्याच्या वायरची बंडलं चोरीला गेली म्हणून पोलिसांनी सोमवारी संध्याकाळी त्याला नेलं, पण कागदावर अटक मंगळवारी रात्रीची दाखवली. मारहाण करून 'चोरी मीच केली' अशा कागदावर सही घेतली. मग घरामागच्या उकिरड्यातून दोन बंडलं त्याने काढून दिली, असा पंचनामा केला. आता 'मॅजिस्ट्रेटसमोर कबूल कर, लवकर सुटशील' असं त्याला सांगताहेत. सगळं संपलं का?

उत्तर : ताई, काहीही संपलेलं नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वाचता येत नाही, मग त्याखाली सही असो वा अंगठा. हा नियम आजचा नाही. मद्रास इलाख्यात कबुलीसाठी लोकांना किती छळलं जातं, हे १८५५ च्या चौकशी आयोगाने उघड केलं. १८६१ च्या फौजदारी संहितेत ही बंदी आली, १८७२ च्या पुरावा कायद्यात ती कलम २५ झाली, आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. शिवाय स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला आरोपीला भाग पाडता येणार नाही, असं संविधानाचं अनुच्छेद २०(३) सांगतं.

मला खरी काळजी त्या उकिरड्याच्या पंचनाम्याची वाटते. कलम २३ च्याच परंतुकाप्रमाणे, म्हणजे त्यातल्या अपवादाप्रमाणे, कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. 'वायर उकिरड्यात पुरली आहे, दाखवतो' हे येईल. 'मी चोरलेली' हे शब्द गळतील. स्वातंत्र्याच्या तोंडावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात आखलेली ही रेघ आजही कोर्टं पाळतात. म्हणून लढाई इथे आहे. उकिरडा उघडा आहे का, तिथे कोणीही जाऊ शकतं का? भावाला नेण्याआधीच पोलिसांना जागा ठाऊक होती का? तसं असेल तर त्याच्या सांगण्यावरून उघडकीस आलं तरी काय? पंचनाम्यावरची वेळ काय आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना प्रत्यक्ष कधी पाहिलं? पंच तुमच्या वस्तीतले की ठाण्यासमोरच्या टपरीवरचे, दर पंचनाम्याला सही करणारे? आणि जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १०५ प्रमाणे आवश्यक आहे, ते कुठे आहे? ही उत्तरं आजच वहीत लिहून काढा. खटला उभा राहील तेव्हा शेजाऱ्यांना तारीखसुद्धा आठवणार नाही.

मॅजिस्ट्रेटसमोरच्या कबुलीबद्दल मात्र हात जोडून सांगतो : वकिलाशी बोलल्याशिवाय त्याने ती देऊ नये. ती कबुली पुराव्यात येते आणि नंतर मागे घेतली तरी पुसली जात नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे मॅजिस्ट्रेटने त्याला आधी सांगावंच लागतं की कबुली देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. त्याने 'द्यायची नाही' म्हटलं, तर त्या नकारावरून मॅजिस्ट्रेट त्याला पोलीस कोठडीत पाठवू शकत नाही. हे त्याच्या कानावर गेलंच पाहिजे, कारण पोरं नेमकी याच भीतीने होकार देतात.

सोमवार-मंगळवारचा घोळ लहान नाही. अनुच्छेद २२(२) प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, अटकेपासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याचा आदेश व्हावा, असा अर्ज वकिलाकरवी ताबडतोब द्या. ठाण्यातलं चित्रण दीर्घकाळ साठवून ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं आहे. माराच्या खुणा मावळायच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि वैद्यकीय तपासणी मागावी. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी व्हायला हवी.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारलं जात नाही. पुढच्या तारखेला कोर्टात तुम्ही स्वतः हजर राहा आणि सोमवारी संध्याकाळी त्याला नेताना पाहिलेल्या शेजाऱ्यांनाही सोबत घेऊन या.