सशाचे पिल्लू नुकतेच घरी आणले असेल तर

पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल, तर ते आईपासून लवकर तोडले गेले आहे असे समजून त्याच्या पोटाची विशेष काळजी घ्या, कारण या वयातला जुलाब पाहता पाहता जिवावर बेततो. म्हणूनच विक्रेत्याकडे ते जे खात होते तेच काही दिवस चालू ठेवा, नवे खाद्य हळूहळू मिसळा आणि सुके गवत व स्वच्छ पाणी मात्र अहोरात्र समोर असू द्या. गाजराचा मोह आवरा (गाजर हेच सशाचे खाणे, हा गैरसमज चित्रांतल्या सशांनी फार पक्का केला आहे). गाईचे दूध, पोळी आणि बिस्किटे तर नकोतच. ते स्वतःच्याच मऊ, चकचकीत लेंड्या खाताना दिसले तर घाबरू नका, ते नैसर्गिक आहे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

– अंघोळ घालणे. ससा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो.
– कान धरून उचलणे. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवा. लाथा झाडताना त्याचा कणा मोडू शकतो.
– बंद गॅलरीत पिंजरा ठेवणे. सशाला घाम येत नाही, त्यामुळे ठाण्यातल्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात त्याला उष्माघात होऊ शकतो.

पिल्लाने बारा तास काही खाल्ले नाही, लेंड्या थांबल्या किंवा पातळ झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. कुत्र्या-मांजरांचे सगळेच दवाखाने ससे तपासत नाहीत, तेव्हा जवळचा जाणकार पशुवैद्य आजच शोधून ठेवा.