सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश कोण होत्या?

केरळच्या एम. फातिमा बीवी. जन्म १९२७, पथनमथिट्टा. १९५८ मध्ये मुन्सफ, म्हणजे कनिष्ठ न्यायालयातल्या न्यायाधीश, म्हणून सुरुवात केली आणि एकेक पायरी चढत १९८३ मध्ये केरळ उच्च न्यायालयात पोचल्या. गंमत म्हणजे एप्रिल १९८९ मध्ये तिथून त्या निवृत्तही झाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाचं बोलावणं आलं ते त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये! तिथे जेमतेम अडीच वर्षं मिळाली.

१९९७ पासून तमिळनाडूच्या राज्यपाल. २००१ मध्ये निवडणूक लढवायला अपात्र ठरलेल्या जयललितांना त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. पुढे माजी मुख्यमंत्री करुणानिधींच्या अटकेवरून केंद्राशी बिनसलं आणि त्यांनी राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयानेही जयललितांची ती नियुक्ती रद्द केली. माझ्या मते शपथ देण्याचा बीवींचा निर्णय चुकलाच. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. पद्मभूषण मिळालं तेही मरणोत्तर.